प्रदर्शन हॉलची दक्षिणेकडची खिडकी

मी, वर्ना होलेनबेक, वय ८०, राहणार ब्रॅनॉक काउंटी, नेब्रास्का, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोकं जागेवर आहे. शंका असेल त्यांनी सोबतचा डॉक्टरांचा दाखला वाचावा.

१. राहतं घर आणि मागची चार एकर जमीन मुलगी जोलीनला. तिने स्वयंपाकघर बदललं तरी हरकत नाही.

२. जत्रेच्या मैदानावरच्या प्रदर्शन हॉलच्या किल्ल्यांचा जुडगा मुलगा ड्वेनला. १९११ साली शेतकऱ्यांनी आपापल्या गाड्यांतून लाकूड आणून तो अष्टकोनी हॉल उभा केला. पोलिओच्या साली तो बंद राहिला, तुफानाच्या साली त्यात अकरा कुटुंबं राहिली. माझ्या लग्नाचं जेवण तिथंच झालं. काउंटीच्या बैठकीत ड्वेनने तो पाडायच्या बाजूने हात वर केला. "आई, छत गळतंय. आता आहे काय त्यात?" हे त्याचे शब्द. कुलूप उरलेलं नाही, तरी किल्ल्या त्यानेच सांभाळाव्यात. माझा राग मी सोबत नेणार आहे.

३. ढिगाऱ्यातून आणलेली दक्षिणेकडची खिडकी आणि १९६८ची माझी पहिल्या नंबरची निळी फीत माझी जाऊ इर्मा हिला. कारण असं.

जत्रेतल्या स्पर्धेचा जेली-लोणच्यांचा विभाग चाळीस वर्षं माझ्याकडे होता. बरणीवरच्या चिठ्ठीत नाव दुमडून टाचलेलं असतं, परीक्षकाला दिसत नाही. मला मात्र इर्माची बरणी शंभरात ओळखू यायची. १९६८च्या ऑगस्टमध्ये तिची रानप्लमची जेली मी सकाळपासून त्या खिडकीत, उन्हात ठेवली. दुपारी परीक्षकाने ती बशीत उपडी केली आणि घट्ट उभी राहायच्या ऐवजी ती पसरली. पहिला नंबर माझा आला. पुढच्या वर्षी, विभाग सांभाळणाऱ्याने स्वतःची बरणी मांडू नये, असा नियम मीच करून घेतला, आणि लोकांनी माझ्या सचोटीचं कौतुक केलं. इर्माने पुन्हा हॉलमध्ये पाऊल टाकलं नाही. मला त्याची आजही लाज वाटते.

यंदा एप्रिलमध्ये हॉल पाडला तेव्हा ती आली. खिडकीपाशी थांबली.

"हीच ना गं ती?"

"तुला ठाऊक होतं?"

"बरणी परत घेतली तेव्हा काच गरम होती, वर्ना. पन्नास वर्षं झाली, कधी बोलतेस ते बघतेय."

तेव्हाही मी गाडीत जाऊन बसले.

वकील म्हणाले, "हे कलम तुमच्या मागे वाचलं जाईल. आणि ज्यांना काही मिळणार, त्यांना साक्षीदार करू नका." इर्मा त्र्याऐंशी वर्षांची आहे. तिने आता माझ्या मरणाची वाट बघत बसायची का?

४. कलम ३ रद्द. खिडकी आणि फीत काल मी स्वतः नेऊन दिली आणि जे सांगायचं ते तोंडाने सांगितलं. इर्माने कपाटातून बरणी काढली. मग म्हणाली, "बस. यंदाची जेली बघ." तिने बरणी बशीत उपडी केली. जेली जराही हलली नाही.

या मृत्युपत्राने इर्माला आता काहीही मिळत नाही.

ब्रॅनॉक काउंटी, १४ सप्टेंबर २०१८

सही: वर्ना होलेनबेक

साक्षीदार:
१. क्लाइड व्होसिका, शेजारी
२. इर्मा होलेनबेक, जाऊ