स्वस्त ठरलेला हात

मी, खाली सही करणारी, बेकरीच्या घरातली थोरली सून, नवऱ्यामागे एकटी, मूलबाळ नसलेली, माझ्या पश्चात काय कोणाला द्यायचे ते आज लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. आणायची कोणाची छातीही नाही. सोबत डॉक्टरचा दाखला जोडावा असे वकीलबाई म्हणाल्या. तो जोडणार नाही. डॉक्टर मला तपासणार आणि शहाणी ठरवणार दुसरीलाच, हा अनुभव मी एकदा घेतला आहे, तेवढा पुरे.

कारणही स्पष्ट लिहिते. माझ्या वाट्याची अर्धी बेकरी, वरची खोली आणि कोर्टाने मला दिलेली नुकसानभरपाई, यातले काहीएक माझ्या धाकट्या जावेला मिळू नये. तिला आधीच माझ्यापेक्षा जास्त मिळालेले आहे. थोरलीच्या पोटात दुखते म्हणून हे लिहिले, असे कोणी म्हणेल. दुखतेच.

कलम १. भरपाई कशाची, हे आधी सांगते. रोजचे पीठ मळून माझे उजवे मनगट गेले होते. धाकटी गल्ल्यावर बसायची, तिचा डावा खांदा धरला होता. दीर म्हणाले, "वहिनी, दोघींचं एकदमच उरकून टाकू. बिलात सवलत देतायत." म्हणून एकाच दिवशी, एकाच खोलीत, एकाच आडनावाच्या दोन बायका दाखल झाल्या. धाकटीला खिडकीची खाट हवी होती. "ताई, मला आतल्या बाजूला गुदमरतं हो." मी दिली. सकाळी त्यांनी आम्हाला खाटेच्या नंबरावर उचलून नेले आणि माझा धडधाकट खांदा कापला, तिचे धडधाकट मनगट. तेव्हापासून माझा डावा हात वर जात नाही आणि तिच्या उजव्या बोटांना चिमटा काढला तरी कळत नाही.

डॉक्टर माफी मागायला फळांची करंडी घेऊन आला, तोही तिच्याच खाटेशी. "तुमच्या खांद्याबद्दल फार वाईट वाटतं," असे तिच्या मनगटाकडे बघत म्हणाला. करंडी तिने ठेवून घेतली. पुढे त्याने मूळची दुखणी फुकट बरी करून द्यायची तयारी दाखवली. आम्ही दोघींनी हात जोडले, जेवढे जुळत होते तेवढे. त्या डॉक्टरला माझ्या पैशातून जाड शाईचे एक पेन घेऊन द्यावे. कापण्याआधी कुठे कापायचे त्या जागी खूण करायला उपयोगी पडेल.

कलम २. आमच्या वकीलबाईंना माझा चष्मा ठेवायचा लाकडी डबा द्यावा. त्यांना तो आवडतो. त्यांनी मला भरपाईचे प्रकार समजावून सांगितले, ते चांगल्या मनाने सांगितले. पण प्रत्येक प्रकारात माझा हात धाकटीपेक्षा स्वस्त कसा, हेच मला कळत गेले.

झालेल्या उपचारांचा खर्च दोघींना सारखा. पुढच्या औषधांचा, व्यायामाचा, मदतीला बाई ठेवण्याचा खर्चही साधारण सारखा. इथवर माझी तक्रार नाही. मग आले बुडालेले उत्पन्न. हिशेबनिसाच्या सांगण्यावरून धाकटीचा पगार कागदावर दाखवलेला होता. तिने तो कधी हातात घेतला नाही, जिथल्या तिथे गल्ल्यात परत जायचा. पण कागद तो कागद. तिचे आजवरचे बुडालेले उत्पन्न धरले, पुढे जे मिळाले असते तेही धरले. मी लग्न होऊन आले त्या आठवड्यापासून भट्टीमागे उभी राहून मळत आले, आणि माझ्यापुढे लिहिले गेले गृहिणी. गृहिणीच्या कामाचा म्हणून एक ठोकळ आकडा असतो, तो लावला.

साक्षीला दीर उभे होते. न्यायाधीशांनी विचारले, "या बेकरीत काय करायच्या?"

दीर म्हणाले, "वहिनी मदत करायच्या."

मदत! त्या माणसाने खाल्लेला प्रत्येक पाव माझ्या हाताखालून गेलेला आहे. खोटे बोलले असते तर मी माफ केले असते. त्यांना ते खरेच वाटत होते.

कलम ३. म्हणून माझी पीठ मळायची मोठी काथवट दिरांना द्यावी. त्यांनी एक दिवस पहाटे उठून सगळे पीठ एकट्याने मळावे, आणि बघणाऱ्यांनी त्यांना "वा, मदत करताय का?" असे विचारावे. यंत्र वापरायचे नाही.

कलम ४. वेदना आणि मनस्ताप, हा एक प्रकार. धाकटी साक्षीच्या वेळी रडली. मी रडले नाही. चार लोकांत रडायचे नाही असे मला शिकवलेले. तिचा मनस्ताप माझ्यापेक्षा मोठा ठरला. मग आयुष्यातला आनंद गमावल्याची भरपाई. धाकटीने सांगितले, "मला आता पेटी वाजवता येत नाही." ती पेटी माळ्यावर कधीपासून पडली होती ते मला माहीत आहे, कारण तिच्यावरची धूळ मी झटकायचे. मला विचारले तेव्हा मला काही सुचलेच नाही. केस विंचरता येत नाहीत, असे म्हणाले. ते लिहून घेतले की नाही, देव जाणे. जरब बसावी म्हणून इस्पितळाला वरून दंड लावा, असेही वकीलबाईंनी मागितले. चूक मुद्दाम केलेली नाही म्हणून तो लावला नाही. उलट खाटा आपणच बदलल्या म्हणून दोघींच्या रकमेतून थोडी कापली. तेवढ्यापुरता मला न्याय झाल्यासारखा वाटला, कारण तिची मोठी असल्यामुळे जास्त कापली गेली.

आणि शेवटी सहवासाची हानी. हे मी आधी ऐकलेसुद्धा नव्हते. बायको अधू झाल्यामुळे नवऱ्याला तिची सोबत, माया पूर्वीसारखी मिळत नाही, त्याचे नवऱ्याला पैसे. दिरांना मिळाले. ते संध्याकाळी घड्याळजीच्या दुकानात पत्ते कुटायला जातात ते जेवायलाच उगवतात. कुठला सहवास आणि कसली हानी! मी वकीलबाईंना विचारले, "आणि माझं?" त्या फार हळू बोलल्या. "काकू, तुमचे मिस्टर नाहीत ना. तुमच्या बाबतीत हा मुद्दाच येत नाही." निकालपत्रात माझ्या नावापुढे त्या जागी नुसती रेघ आहे. बाकी सगळे मी गिळले. ती रेघ अजून घशाखाली उतरत नाही. थोरली हरवली तर कोणाचे काही हरवत नाही, असे शिक्क्यानिशी लिहून दिले मला.

कलम ५. वरील सर्व कारणांमुळे अर्धी बेकरी, वरची खोली आणि न मोडलेली सगळी भरपाई माझ्या भाच्याला द्यावी. तो बेकरी विकणार हे मला ठाऊक आहे. विकू दे.

(हे कलम मी खोडले आहे. खोडले तिथे माझी छोटी सही आहे. का खोडले ते खाली.)

कलम ६. पाचवे कलम लिहीत असताना धाकटी फणी घेऊन वर आली. रोज येते. मी बुटक्या स्टुलावर बसते, ती डाव्या हाताने माझी वेणी घालते, ओढून ओढून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग मी तिच्या ब्लाउजची बटणे लावते. इस्पितळातून आल्यापासून हे असेच चालले आहे. मी कागद झाकला नाही. तिने खांद्यावरून वाचला.

"भाच्याला का?" ती म्हणाली. "बरं. द्या. मला काय करायचंय."

"राग आला?"

"नाही हो." एक पेड घट्ट ओढून म्हणाली, "ताई, तुम्ही गेल्यावर माझी बटणं कोण लावणार? त्याची भरपाई कुठल्या प्रकारात बसते?"

"नवरा आहे की तुला."

"त्यांच्याकडून वरचं बटण खालच्या काजात जातं. मी एकदा तशीच गल्ल्यावर बसले होते, दिवसभर." आणि मग, कोर्टात रडली होती तशी मुळीच नाही, आवाज न करता, माझ्या अर्ध्या वेणीवर कपाळ टेकून ती रडली.

या कागदासाठी आलेल्या वकीलबाई खाली बेकरीत बसल्या होत्या, त्यांना वर बोलावून विचारले. त्या म्हणाल्या, नवऱ्याला मिळते, बायकोला मिळते, मुलांना, आईवडिलांना मिळते. जावेला मिळत नाही. तसा प्रकारच नाही.

कलम ७. नसेल तर मी करते. अर्धी बेकरी, वरची खोली आणि माझी सगळी भरपाई धाकट्या जावेला द्यावी, सहवासाच्या हानीपोटी. कारण म्हणून हेच शब्द लिहावेत, दुसरे नाहीत. प्रेमापोटी असे लिहू नये. तिला शेफारायला निमित्त नको.

अट एकच. दिरांना बायकोच्या सहवासापोटी कोर्टाने जेवढे दिले, त्याहून ही रक्कम एका पैशाने का होईना जास्त भरली पाहिजे. कमी पडली तर माझ्या बांगड्या विकून भर घालावी. आणि मग हे दोन्ही आकडे तिने दिरांना मोठ्याने वाचून दाखवावेत, आधी त्यांचा, मग माझा.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, दोघा साक्षीदारांसमोर सही केली, आणि त्यांनी माझ्यासमोर केली. धाकटीलाही सही करायची होती. जिला मिळायचे तिने साक्षीदार व्हायचे नसते, असे वकीलबाईंनी तिला सांगितले, तर म्हणाली, "मग मला मिळायला नको, सहीच करू द्या." तिला खाली पाठवले आहे.

सही: थोरली

साक्षीदार:
१. बेकरीचे हिशेबनीस (सही)
२. शेजारचे घड्याळजी (सही, पत्त्यांचा डाव अर्धा टाकून आले)

ठिकाण: बेकरीवरची खोली
दिनांक: आजचा, दुपारची भट्टी लावायच्या आधी