मागचा कार्बोरेटर

॥ श्री ॥
आपटाळे, ता. जुन्नर
९ सप्टेंबर २०२४

तीर्थस्वरूप गेणकाका यांस,
हर्षालीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र बघून दचकू नका. फोन केला तर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि डिंभ्यात काकूच्या फोनला रेंज मिळेपर्यंत माणूस म्हातारं होतं. याआधीचं पत्र मी दहावीच्या परीक्षेत लिहिलं होतं. मायना चुकला असेल तर मार्क कापा.

तुमच्या धाकट्या भावानं, म्हणजे आमच्या आप्पांनी, शेडमधली लाल फियाट दिवाळीआधी भंगारात द्यायचं ठरवलं आहे. मी महिनाभर मुदत मागून घेतली. टाकी धुतली, नळ्या नव्या टाकल्या, बॅटरी नवी आणली. नारायणगावला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये मी सर्व्हिसलाच आहे, त्यामुळे हात काळे करायची सवय आहे. गाडी चालू झाली. पण नुसती थरथरते, मागून काळा धूर सोडते आणि घरापुढच्या चढाला दम तोडते. आप्पा ओट्यावरून बघत होते. मोहिनीला नेलं त्या दिवशी अशीच चालली होती, एवढंच म्हणाले आणि आत गेले.

म्हणजे बावीस वर्षांपूर्वीचा बिघाड अजून गाडीतच आहे. आईला साप चावला, तिला दवाखान्यात नेताना गाडी तीनदा बंद पडली आणि उशीर झाला. त्याच आठवड्यात गाडी तुम्ही दुरुस्त करून दिली होती, म्हणून आप्पांनी तुम्हाला दोष दिला. तेव्हापासून तुम्ही दोघे भाऊ बोलत नाही. मी चार वर्षांची होते, मला इतकंच माहीत आहे. आता मला तो बिघाड शोधायचा आहे. कार्बोरेटर मला कळत नाही, तो तुम्ही शिकवा. दोष तुमचा निघाला तर मी रागावणार नाही, असं वचन मात्र देत नाही.

काकूला नमस्कार. उत्तराची वाट बघते.
तुमची पुतणी,
हर्षाली

॥ श्री ॥
डिंभे, ता. आंबेगाव
१४ सप्टेंबर २०२४

चि. हर्षाली हिस गेणकाकाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मायना बरोबर आहे. तुझ्या काकूनं, चिमाबाईनं, पत्र दोनदा वाचून घेतलं, डोळे पुसले, आणि पोर नीट जेवते का ते इचारा म्हणाली. तर जेवत जा.

दोष कुणाचा ते आत्ता ठरवायचं नाही. आधी ठिणगी, मग पेट्रोल, मग हवा. हा क्रम सोडून मध्येच उडी मारणारा गडी मी आळेफाट्याच्या गॅरेजात दोन दिवससुद्धा ठेवला नाही. ट्रॅक्टरवाल्यांना डिझेलची सवय, त्यांना वाटतं धूर दिसला की पंप खोला. तसं इथे करू नकोस.

साध्या फियाटला एकच कार्बोरेटर असतो. सुभाषला, तुझ्या आप्पांना, रॅलीत पळवायची होती म्हणून या गाडीला मी दोन बसवले. पुढचा पहिल्या दोन सिलिंडरांना पाजतो, मागचा शेवटच्या दोन. चारी प्लग काढ आणि प्रत्येकाचं तोंड पत्राच्या कागदावर पूस, ओळीनं. मला डाग बघू दे. मग पुढचे प्लग मागे आणि मागचे पुढे लावून गाडी थोडी चालव, पुन्हा बघ. काजळी प्लगबरोबर फिरली तर ठिणगीत खोट. काजळी मागेच राहिली तर प्लग निर्दोष. त्यानंतर दोन्ही कार्बोरेटरांचे प्याले धू, पेट्रोलची पातळी सारखी आहे का बघ. शेवटी हातभर रबरी नळी घे. एक टोक कानाला, दुसरं एकेका कार्बोरेटरच्या तोंडाशी. हवेचा फुसकारा दोन्हीकडे सारखा येतो का ते ऐक. ते तुलाच ऐकावं लागेल.

सुभाषला काही सांगू नकोस. त्याचे गुडघे कसे आहेत ते कळव.
तुझा,
गेणकाका

॥ श्री ॥
आपटाळे
२० सप्टेंबर २०२४

तीर्थस्वरूप काका,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

खाली चार डाग आहेत. पहिले दोन विटकरी, शेवटचे दोन काजळाच्या डबीतले. प्लगची अदलाबदल केली, दहा मिनिटं गाडी चालवली, पुन्हा मागचेच काळे. ठिणगी चारींची निळी आहे. मागचा प्याला धुतला, फ्लोटची सुई गळत नाही, पातळी पुढच्याएवढीच. आता माझे केसही पेट्रोलचा वास मारतात. शोरूमची पोरं मला लांब बसवतात.

नळी लावून तीनदा ऐकलं. पुढे आणि मागे फुसकारा अगदी सारखा आहे. इतका सारखा की डोळे मिटले तर कुठल्या तोंडाशी नळी आहे ते सांगता येत नाही. हवा कमीजास्त करायच्या स्क्रूंना मी हात लावलेला नाही. गाडी आईच्या तेराव्यापासून ताडपत्रीखाली होती, तेव्हा ते तुम्ही ठेवले तसेच असणार.

आप्पांचे गुडघे दुखतात, पण ते सांगत नाहीत. शेडमध्ये येत नाहीत. आज मात्र चहाचा कप मडगार्डवर ठेवून गेले.

काकूला सांगा, मी दोन वेळा जेवते. तुम्हीही तब्येतीला जपा.
तुमची,
हर्षाली

॥ श्री ॥
डिंभे
२४ सप्टेंबर २०२४

चि. हर्षाली हिस आशीर्वाद.

फुसकारा सारखा आहे हे वाचून मी पत्र बाजूला ठेवलं आणि धरणाच्या पाण्यापर्यंत चालत गेलो. संध्याकाळी आलो. काय ते आता लिहूनच टाकतो.

तू नळीनं ऐकलंस, तसंच दसऱ्याच्या आधी मीही ऐकलं होतं. पण माझा डावा कान त्याच्या वर्षभर आधीच गेला होता आणि उजवा जायच्या वाटेवर होता. हे मी चिमाबाईलासुद्धा सांगितलं नव्हतं. कानावर पोट असलेल्या मिस्त्रीनं कुणाला सांगायचं? अंदाजानं स्क्रू फिरवला आणि सुभाषला सांगितलं, गाडी तयार आहे. चौथ्या दिवशी मोहिनी गेली. सुभाष अंगणात सगळ्यांसमोर मला बोलला. मी तोंड उघडलं नाही, कारण मलाच ते खरं वाटत होतं. महिनाभरात गॅरेज बंद केलं. बावीस वर्षं मी असं धरून चाललो की माझ्या बहिऱ्या कानानं एक बाई गेली.

आता तू म्हणतेस, सारखा आहे. तुझ्या कानावर विश्वास ठेवतो, कारण डाग तू खरे पाठवलेस.

मग राहिली एकच जागा. कार्बोरेटरच्या तोंडात बॅटरी मारून बघ. आतल्या भिंतीला राईएवढं भोक दिसेल. तिथून थोडी हवा पेट्रोलमध्ये मिसळते. ते बुजलं तर मोठ्या तोंडानं हवा येत राहते, फुसकारा तसाच राहतो, पण पेट्रोल जास्त जातं आणि काजळी धरते. वरच्या जाळीच्या टोप्या काढ आणि शिंदीच्या केरसुणीची काडी हलक्या हातानं फिरव. तार घालू नकोस, भोक मोठं होईल.

जे निघेल ते कळव. घाई करू नकोस आणि लपवूही नकोस.
तुझा,
गेणकाका

॥ श्री ॥
आपटाळे
२९ सप्टेंबर २०२४

तीर्थस्वरूप काका,
साष्टांग नमस्कार.

सगळ्यात आधी हे वाचा. दोष तुमचा नव्हता. तुमचे स्क्रू बरोबर होते.

मागच्या कार्बोरेटरच्या भोकातून तांदळाचा अर्धा दाणा निघाला. काळा पडला होता. मला वाटलं उंदराचं काम. बोटावर घेऊन चोळला तर लाल रंग सुटला. कुंकू, काका. ती अक्षत आहे.

मी आप्पांना सहज विचारल्यासारखं विचारलं, दसऱ्याला गाडीची पूजा कोण करायचं. ते म्हणाले, मोहिनीच करायची, त्या सालीही तिनंच केली. चिंच लावून कार्बोरेटरची पितळी तोंडं घासली, बॉनेट उघडं ठेवूनच ओवाळलं, आणि लई हौसेनं मूठभर अक्षता टाकल्या. हे सांगताना ते थोडे हसले. मग मी शेडमध्ये जाऊन बसले. तिच्या हातचं माझ्याकडे काहीच नाही, आणि सापडलं ते हे.

दाणा काढल्यावर गाडी चारी सिलिंडरांवर सरळ चालली. धूर गेला. चढ तिनं तीनदा हसत घेतला. आप्पा ओट्यावर खांब धरून उभे होते. मी त्यांना सांगितलं की कचरा होता, तो निघाला. पुढचं सांगितलं नाही. नाही सांगितलं तर तुमच्यावरचा डाग तसाच राहतो. सांगितलं तर आईनं आपल्याच हातानं आपली गाडी अडवली, असं त्यांना वाटेल. मला सुचत नाही. तुम्ही लिहाल ते करीन.

एक राहिलं. तुम्ही जाळीच्या टोप्या काढ म्हणालात, पण इथे टोप्या नाहीतच. तोंडं उघडीच होती.

तुमची,
हर्षाली

॥ श्री ॥
डिंभे
३ ऑक्टोबर २०२४

चि. हर्षाली हिस खूप आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. मी रडलो, ते लिहायला लाजत नाही. चिमाबाईला कारण सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मग एवढी वर्सं गप का बसला, आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही. मला तसाही फरक पडला नसता, पण ती तोंड फिरवून बसली ते दिसत होतं.

सुभाषला अक्षतेचं सांगू नकोस. मोहिनी गाडीचं भलं चिंतत होती. तिच्या त्या मुठीवर बोट ठेवायचं काम तू करू नकोस, मीही करणार नाही. दोष माझ्या नावावर जुना आहे, राहू दे. आता मला तो जड नाही, कारण तुला आणि मला खरं माहीत आहे. शिवाय मला कुणाचे बोल ऐकू येत नाहीत. दाणा नदीत सोड.

टोप्यांचं मनावर घेऊ नकोस. बावीस वर्षांत कुठेतरी पडल्या असतील.

गाडी भंगारात जाऊ देऊ नकोस, एवढं मात्र बघ.
तुझा,
गेणकाका

॥ श्री ॥
आपटाळे
७ ऑक्टोबर २०२४

तीर्थस्वरूप दादास,
सुभाषचा साष्टांग नमस्कार.

पोस्टमननं पाकीट माझ्या हातात दिलं. वरचं अक्षर तुझं होतं. पोरीच्या नावाचं पत्र मी फोडलं, ही चूक झाली. मग तिची उशी उचलून तुझी बाकीची पत्रंही वाचली.

टोप्या कुठे पडल्या नाहीत. माझ्याकडे आहेत. गाडी देताना तू दोनदा बजावलं होतंस, की टोप्या काढू नकोस, आत कचरा जाईल. दसऱ्याला फोटो काढायचा होता. उघडी पितळी तोंडं चमकतात म्हणून मी त्या काढल्या आणि पँटच्या खिशात टाकल्या. मोहिनीनं विचारलंही होतं, दादा काढू नका म्हणले व्हते ना. मी तिला म्हणालो, दादाला काय कळतं फोटोतलं. परत लावायच्या राहिल्या.

तिच्या तेराव्याला पँट धुवायला टाकताना त्या हाताला लागल्या. आत नेमकं काय गेलं ते मला माहीत नव्हतं, पण काहीतरी गेलं असणार हे त्याच घटकेला कळलं. तोपर्यंत भर अंगणात तुला बोलून झालं होतं. शब्द मागे घ्यायला तुझ्याकडे यायचं आणि टोप्या दाखवायच्या, एवढंच करायचं होतं. मी गाडीवर ताडपत्री टाकली. तू गॅरेज बंद केलंस हे ऐकलं तरी आलो नाही. तुझे कान तेव्हाच गेल्याचं तर आज वाचलं. गाडी भंगारात द्यायला निघालो होतो तेही यासाठीच, तिच्याकडे बघवत नव्हतं.

मोहिनीचा दोष नाही आणि तुझाही नाही. हे मी हर्षालीला समोर बसवून सांगितलं. ती उठून शेडमध्ये गेली. रात्रीची भाकरी मात्र तिनं मला वाढली.

दसऱ्याला आम्ही येतो. गाडी तीच चालवेल, मी हात लावणार नाही. टोप्या सोबत आणतो. बसवायच्या की माझ्या अंगावर फेकायच्या ते तू ठरव. दार उघडं ठेवशील एवढीच आशा आहे.

तुझा धाकटा,
सुभाष

॥ श्री ॥
डिंभे
१४ ऑक्टोबर २०२४

चि. हर्षाली हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुम्ही सुखरूप पोचलात का ते लगेच कळव. चिमाबाईनं दिलेल्या तांदळाच्या भाकरी वाटेत संपवल्या असतीलच.

तू पाणी आणायला आत गेलीस तेव्हा मी मोठा स्क्रूड्रायव्हर इंजिनावर टेकवला आणि त्याची मूठ दातात धरली. कान गेल्यावरही हाडातून थोडं येतं. चारीच्या चारी ठोके एका मापाचे होते. इतक्या वर्षांनी माझ्या हातचं काम मला ऐकू आलं, आणि ते बरोबर होतं. तू चांगली मिस्त्री आहेस, आता ट्रॅक्टरवाल्यांना सांगायला हरकत नाही.

जेवणानंतर सुभाष माझ्याशेजारी पायरीवर बसून बराच वेळ बोलत होता. मला एक शब्दही ऐकू आला नाही. त्याच्या ओठांकडेही मी बघितलं नाही, समोर बघत बसलो. बावीस वर्षांचं होतं, बोलू दिलं. त्याचं झाल्यावर मी हात पुढे केला आणि त्यानं टोप्या माझ्या हातावर ठेवल्या. त्या मी कशा बसवल्या ते तू बघितलंसच.

एक मात्र तू बघितलं नसशील, तू आरशात बघून केस बांधत होतीस. पूजेला चिमाबाईनं ताट उचललं, बॉनेटपाशी गेली आणि थांबली. दोन्ही टोप्या बोटानं दाबून बघितल्या, पुढची आणि मागची. मग तिनं अक्षता टाकल्या.

दिवाळीला गाडी घेऊनच या. वाट बघतो.
तुझा,
गेणकाका