भिऊन पुढं केलेला हात

आप्पा, आज एका बाईनं मला रक्त द्यायला नकार दिला, आणि तेव्हापासून तुमची आठवण येतेय.

तुम्ही हिवतापाचे कर्मचारी. सायकलवर गावोगाव फिरून ताप आलेल्यांच्या बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा, काचपट्टीवर पसरायचा आणि तपासणीला पाठवायचा, हे तुमचं काम. यायला उशीर झाला की त्या काचपट्ट्या आपल्या स्वयंपाकघरात स्टुलावर मुक्कामाला असायच्या. स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत, कारण वाळलेलं रक्त मुंग्या खातात. आई म्हणायची, "साखरेची नसंल एवढी राखण ह्या काचांची." तुम्ही नुसते हसायचात.

दहावीच्या सुट्टीत तुम्ही मला करकंबच्या पुढं मेंढपाळांच्या वस्तीवर नेलंत. एका बाईच्या मांडीवर तापानं फणफणलेली मुलगी होती. तुम्ही सुई काढलीत तशी बाईनं पोरीचा हात पदराखाली घेतला. "न्हाय टोचायचं. रगत कमी हाय तिच्यात." मला नको ते शहाणपण सुचलं. मी म्हणाले, "सरकारी नियम आहे. द्यावंच लागतं." बाईचा चेहरा उतरला. तिनं तो इवलासा हात पुढं केला.

तुम्ही सुई परत डबीत ठेवता. "तसला नियम न्हाय ताई. माझी पोरगी चुकीचं बोलली," म्हणता. तापाच्या गोळ्या देता, उद्या येतो म्हणता. वाटेत मला म्हणता, "भिऊन दिला तिनं हात. पुढच्या खेपेला ताप आला की पोरीला दडवून ठेवंल की. मग कुटं शोधायची?"

दुसऱ्या दिवशी आपण परत गेलो. तासभर तुम्ही मेंढरांच्या, चाऱ्याच्या गप्पा मारत बसलात. थेंब कुठं जातो ते सांगितलंत, आधी माझ्या बोटाला टोचून दाखवलंत. मग बाई म्हणाली, "घ्या. पर हळू." हिवतापच निघाला. औषध तुम्ही रोज स्वतः नेऊन दिलंत. पोरगी कोकराच्या मागं पळताना दिसली, तेव्हा तुम्ही सायकल थांबवून किती वेळ बघत राहिला होतात.

आता मी इथं सोलापुरात हिवतापाच्या नव्या औषधाच्या अभ्यासात डॉक्टर आहे. बरा झालेला ताप काही महिन्यांनी पुन्हा उलटतो, तो या गोळ्यांनी थांबतो का, हे आम्ही बघतो. त्यासाठी लोकांना पुन्हापुन्हा येऊन रक्त द्यावं लागतं. आजची बाई चादरीच्या कारखान्यात कामाला. तिची शेवटची तपासणी राहिली होती. "सुट्टी मिळंना मॅडम. माजं नाव काढा." माझा सहकारी पटकन म्हणाला, "सही केलीय ना? मग द्यावंच लागंल." तिनं घाबरून बाही वर सरकवली. मी ती खाली घ्यायला लावली. सही केली तरी केव्हाही सोडता येतं, आणि ताप आला तर इथं औषध मिळेलच, एवढं सांगितलं. ती गेली. तिची नोंद अपुरी राहिली.

हे सांगून तुमच्याकडून शाबासकी घ्यावी म्हणून लिहायला बसले होते. पण तुमच्या शेवटच्या आजारपणात, बोलणं बंद झाल्यावर, तुम्ही एकदा हात मागं ओढून घेतला होतात. मी विचारलं नाही. मनगट धरलं आणि रक्त काढलं. त्या रिपोर्टमधून नवं काही कळणार नव्हतं, आप्पा. ते मला तेव्हाही ठाऊक होतं. नुसतं बसून राहणं मला जमत नव्हतं.