आज वाचन मीच करणार

दादा,

मी चर्चला चालले आहे. जेवण झाकून ठेवलंय, नुसता चहा ढोसत बसू नकोस.

आई गेली आणि तू प्रार्थना सोडलीस. मावशी तर चारचौघांत म्हणाली, "तुम्हा पोरांचा विश्वासच कमी पडला, म्हणून ती वाचली नाही." पाळकसाहेबांनी सुचवलं, "या रविवारचं तुझं बायबलवाचन दुसऱ्या कुणाला देऊ या." मी साफ नाही म्हटलं. आज मीच वाचणार, तेही उपकारस्तुतीचं नाही, गाऱ्हाण्याचं स्तोत्र. मावशीच्या डोळ्यांत बघून वाचणार.

देवावर मीही चिडले आहे. पण भांडायचं तर त्याच्या घरात उभी राहून भांडेन, पाठ फिरवून नाही. तुलाही भांडायचं असेल तर ये. शर्टाला इस्त्री करून ठेवली आहे.

तुझी धाकटी