शेजारच्या काकूंचं कार्ड

३ मार्च, मंगळवार

प्रिय दादा,

नमस्कार. खुशाल असशील. इथे आईचा गुडघा त्याच्या तालावर आणि मी माझ्या. तू फोन उचलत नाहीस, मेलला उत्तर देत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेतला.

आई बरी आहे. तिच्या दाराला तू बसवलेलं कार्डाचं कुलूप अजून चालतं, शेजारच्या काकूंचंही. दोन्ही एकाच दिवशी बसवून दोन्ही घरी चहा प्यायला होतास.

हां, तर काम. तू नोकरी सोडताना मागे ठेवलेली कोडची लायब्ररी आता माझ्या गळ्यात आहे. कुणालाही आधी ओळखता येणार नाहीत असे आकडे पुरवायचे, एवढंच तिचं काम. नव्या सर्किट बोर्डासाठी ती उघडून बसले. प्रत्येक सिस्टीमकडे आकडे मागायची रीत वेगळी, तू सगळ्यांची मनं सांभाळली आहेस. पण जुन्या बोर्डावर सुरुवातीला सिस्टीमकडेच आकडे नसतात. तिथे तुझा कोड घड्याळातली वेळ घेतो, तिच्यावरून आकडे बनवतो आणि ‘झालं’ म्हणून परत येतो. त्या घड्याळाला बॅटरी नाही रे. वीज आली की ते दर वेळी शून्यापासून सुरू होतं, म्हणजे आकडेही दर वेळी तेच. शेजारी तुझी टीप आहे : ‘तात्पुरतं. कुठेही अडता कामा नये.’

अडायलाच हवं होतं. ‘नाही’ म्हणणं तुझ्या जिवावर येतं, कोडलाही तेच वळण लागलं.

तू बसवलेल्या त्या कुलपांत तोच जुना बोर्ड आणि आपलीच लायब्ररी आहे. कुलूप पहिल्यांदा सुरू होताना कार्डाचा गुप्त आकडा तिच्याकडून घेतं. पुढचं तुला कळलं असेलच. साहेब म्हणतात, गुपचूप दुरुस्त करा, बोभाटा नको. पण दुरुस्तीने लोकांच्या खिशातली जुनी कार्डं बदलत नाहीत.

माझंच चुकत असेल, असंही वाटत होतं. म्हणून काल काकूंचं कार्ड मागून आणलं आणि आईच्या दाराला लावलं. दार उघडलं.

आई खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी कार्ड असूनही बेल वाजवते, हे तिला माहीत आहे. तिने वळूनही पाहिलं नाही. म्हणाली, “आलास का रे?”

मी आहे, म्हटलं.

येत्या सोमवारी मी ही कुलपं घेतलेल्या सगळ्यांना कळवणार आहे, की ती बदला. त्यात तुझं नाव निघेल, नव्या नोकरीत त्रास होईल. मला त्याचं फार वाईट वाटतंय, पण विचारत नाही, सांगतेय.

आईला सारं समजावलं. नवं कुलूप येईपर्यंत आतून कडी लाव म्हटलं. लावत नाही. म्हणते, “तो आला तर?”

तू येणार आहेस की नाही, ते तिला एकदा सांग. म्हणजे ती कडी लावेल.

काळजीत असलेली,
तुझी धाकटी