दाराच्या मुठीवरची पाटी

बुधवार, २ सप्टेंबर

पाटी पुन्हा माझ्या दारावर! लाकडी, दोरीनं मुठीला अडकवलेली – 'झाडलोटीचा आठवडा'. मजल्यावर दोनच बिऱ्हाडं, मी आणि समोरच्या क्नोडलरबाई. ज्याच्या दारावर पाटी त्यानं आठवडाभर जिना झाडायचा, मग पाटी समोर द्यायची. मी शनिवारी दिली. चार दिवसांत परत. का?

शनिवार, ५ सप्टेंबर

जिना झाडला. खरं तर झाडायला काही नव्हतंच. पांढरा रुमाल अकरा पायऱ्यांवरून फिरवला – स्वच्छ. माझ्या आधी कुणीतरी पुसून गेलंय.

पाटी द्यायला गेले. बाई दीड मिनिट सलग बोलल्या. चारातला एक शब्द कळला. माझं जर्मन मीटिंगपुरतं, त्यांचं डोंगरातल्या खेड्यातलं, शहाऐंशी वर्षं मुरलेलं. बाही धरून आत बसवलं. आलुबुखाराचा केक. माझं मनगट चिमटीत धरून म्हणाल्या, "खा! नुसती काडी झालीयेस!" एवढं कळलं.

मंगळवार, ८ सप्टेंबर

पाटी परत.

कॅन्टीनमध्ये ऑफिसातल्या हायकेला विचारलं. ती इथलीच. पोट धरून हसली. "अगं, तुझं झाडणं तिला पसंत नाही! माझ्या आजीनं शेजारणीला असंच रडवलं होतं."

"मग तोंडानं का नाही सांगत?"

"तोंडानं? आमच्यात? अशानं भांडण होईल ना!"

शनिवार, १२ सप्टेंबर

कोपरे जुन्या दात घासायच्या ब्रशनं काढले. धूळ नाहीच. बाई आधी स्वतः पुसतात आणि मग पाटी लावतात? हा कसला टोमणा?

तरी पाटीबरोबर भडंग घेऊन गेले. बाईंनी चहाच्या चमच्यानं खाल्लं, एकेक शेंगदाणा वेगळा काढून. तिखट लागलं, ताटली ढकलली. पुन्हा ओढली! मी एक तास चाळीस मिनिटं बसले. कशासाठी, माहीत नाही.

मंगळवार, १५ सप्टेंबर

पाटी.

शुक्रवार, १८ सप्टेंबर

घरमालकाला पत्र लिहिलं. पाटी कोणत्या तारखांना आली, एवढंच. विशेषण एकही नाही.

सोमवार, २१ सप्टेंबर

उत्तर आलं. दोनदा वाचलं.

जिना दर शुक्रवारी सफाई कंपनी करते. तीन वर्षं झाली. पाळी वगैरे काही नाहीच! 'बाईंचं डोकं चालेनासं झालंय, असं त्यांच्या मुलाचं म्हणणं आहे. तुमचं पत्र सही करून गुरुवारपर्यंत पाठवा. वृद्धाश्रमाचं ठरवायला तो कागद उपयोगी पडेल.'

माझ्या तारखा सगळ्या बरोबर आहेत. मी मोजमाप विभागात काम करते, तारखा चुकत नाहीत. पण मी पत्र यासाठी लिहिलं नव्हतं.

बुधवार, २३ सप्टेंबर

पाटी कालच परत आली. आज जिन्यात बाई भेटल्या. मी हळूहळू, शब्द तोडून विचारलं, "हा आठवडा कुणाचा?"

त्यांनी माझ्या छातीवर बोट टेकवलं. "तुझा!" एक क्षणही थांबल्या नाहीत.

म्हणजे खरंच विसरल्यात. मग सही करणं योग्य. योग्यच आहे ना? विसरलेल्या बाई गॅस बंद करायलाही विसरतील. पण शनिवारी पाटी द्यायला गेले, तेव्हा केक करपलेला नव्हता. कप दोनच मांडलेले होते. साखर त्यांनी मला विचारली नाही – मी घेत नाही हे त्यांच्या लक्षात होतं.

काहीच जुळत नाही.

गुरुवार, २४ सप्टेंबर

घरमालकाला कळवलं : 'तक्रार मागे घेते. तारखा नोंदवताना माझी चूक झाली.'

चूक झाली नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा चुकीची नोंद सही करून पाठवली.

शनिवार, २६ सप्टेंबर

पाटी घेऊन गेले. आज शेवटचं, असं ठरवून. केक कापताना विचारलं, "शुक्रवारी जिन्यावर कोण येतं?"

सुरी थांबली नाही. "कंपनीवाला. तीन वर्षं झाली. मेला कोपरे सोडतो, ते मलाच पुसावे लागतात!"

मग सुरी खाली ठेवली. माझ्याकडे बघत, एकेक शब्द सुटा करून, मला कळेल अशा जर्मनमध्ये म्हणाल्या, "पाटी नसती, तर तू आली असतीस?"

खरं उत्तर मला माहीत होतं. निघताना पाटी उचलली आणि माझ्या दाराला लावली.