लर्विकमधली अंगारकी

लर्विक, शेटलंड
१८ मे २००६

ती. सुप्रभाकाकूंना साष्टांग नमस्कार.

झालं ते असं:
१. मंगळवारी तुमच्या सांगण्यावरून अंगारकीचा उपास धरला.
२. चंद्र दिसला नाही.
३. बुधवारी सकाळी मासा खाऊन उपास सोडला.

तुमचा गुडघा कसा आहे? स्टॅनमोरचा जिना जपून चढा. आता क्रमांकांत न मावलेलं सांगते.

ब्रॅकनेलच्या ऑफिसने मला इथल्या कौन्सिलचं नेटवर्क बसवायला पाठवलं. हे गाव स्कॉटलंडच्याही वर, समुद्रात आहे. झाडं जवळजवळ नाहीतच. उभं राहू बघेल त्याला वारा आडवं करतो. (माझी छत्री पहिल्याच दिवशी नॉर्वेच्या दिशेने गेली. तिला व्हिसा लागत नाही.) हेरिंग पकडायला येणाऱ्या डच कोळ्यांना लोकरी मोजे विकता विकता गाव वाढलं. त्याआधी डेन्मार्कच्या राजाने मुलीच्या हुंड्यापोटी ही बेटं स्कॉटलंडकडे गहाण टाकली, ती सोडवलीच नाहीत. लग्नाच्या बोलण्यात काय काय जाऊ शकतं, ते बघा.

तुमच्या भाच्याशी, अपूर्वशी, माझं लग्न जुळावं म्हणून तुम्ही फोनवर म्हणालात, "अगं, चंद्र बघून जेवायचं, त्यात काय अवघड?" इथे मे महिन्यात सूर्यच दहापर्यंत हलत नाही. चंद्राचं गणित मी बटाटे उकडल्यावर केलं (आधी करायला हवं होतं). यंदा तो दक्षिणेला जेमतेम अंशभर वर येतो, आणि तिथे नेमकी टेकडी आहे. घरमालकीण मिसेस इंकस्टर कोट चढवून माझ्याशेजारी कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"कोण यायचंय?"

चंद्र, म्हटलं.

"आज? त्याला कळवलंयस का?"

मग म्हणाल्या, लेकाची बोट काढते, टेकडीला वळसा घालून बघू. मी नको म्हटल्यावर त्यांनीही जेवण झाकून ठेवलं. पाहुणी उपाशी असताना त्यांच्याकडे कोणी जेवत नाही. सकाळी दोघींनी तळलेला हॅडॉक खाल्ला. बाप्पाला मी परस्पर कळवलं आहे.

काकांना नमस्कार.

आपली,
ईशानी

ता. क. चंद्रदर्शन न झाल्याने उपास फळला नाही, असं धरायला तुमची हरकत नसावी. अपूर्व चांगला मुलगा आहे. चंद्र दिसला असता तरी मी नाहीच म्हटलं असतं.

ता. क. २. कौन्सिलने मला इथे कायमची नोकरी देऊ केली आहे. वर्क परमिटचंही तेच बघतील. मला ती हवी आहे. आई फक्त तुमचं ऐकते, आणि नकार तुमच्याच भाच्याला आहे, हे मला माहीत आहे. तरीही तिच्याशी तुम्ही बोलाल का? हो किंवा नाही, शुक्रवार २६ मेपर्यंत कळवा.